माझ्यासमोर बोलणारे हात

मी एक लॅपटॉप. वय विचाराल तर माणसांच्या हिशेबात शाळकरी पोर, आमच्या हिशेबात पिकलं पान. माझ्या झाकणाची उजवी बिजागरी ढिली झाली आहे, त्यामुळे उघडल्यावर पाठीशी पिठाचा डबा टेकवावा लागतो. डोळा मात्र अजून शाबूत आहे. डोळा म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेचा बारीकसा कॅमेरा. मला कानही आहेत, पण या घरात मला आणलं गेलं ते डोळ्यासाठी.

माझा जन्म कारखान्यातल्या एका सरकत्या पट्ट्यावर झाला. ज्यांनी माझे स्क्रू पिळले त्यांनी माझ्याकडे धड पाहिलंही नाही. त्याचा मला राग नाही. त्यांच्यासमोरून माझ्यासारखे दिवसभर सरकत होते. मग काही वर्षं एका कचेरीत रकाने भरण्यात गेली. तिथून जुना म्हणून विकायला निघालो आणि एका मुलीने मला उचललं. दुकानदार माझे गुण गात होता, तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने कॅमेरा सुरू केला, त्याच्यासमोर स्वतःचे हात नाचवले, बोटं स्वच्छ दिसतात का ते पाहिलं आणि मान हलवली.

तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि भरपूर बोलते. कृत्रिम दात घडवणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली, तीही दूरच्या शहरात. जाताना तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं. रोज संध्याकाळी ती तिकडे फोनसमोर बसणार, घरची माणसं इकडे माझ्यासमोर, असं ठरलं.

घरची माणसं म्हणजे आई आणि बाबा. आई लेकीची भाषा लेकीबरोबरच शिकली, शाळेतल्या मागच्या बाकावर बसून. बाबांचं सलून घराच्या पुढच्या खोलीत आहे. गिऱ्हाइकाचं डोकं एकदा हातात आलं की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. लोक निम्मे केस कापायला येतात आणि निम्मे त्यांचं ऐकायला. पण समोर लेक असली की हाच माणूस बायकोकडे वळतो. तिला सांग, असं झालं. तिला विचार, तसं करायचं का. लेकीच्या भाषेतले त्यांना तीनच शब्द येत: जेवलीस का, झोप आता, आणि शाबास. शिकून घ्या की, असं आई कितीदा म्हणाली. या वयात हात दाखवून अवलक्षण कशाला, असं म्हणून ते कात्रीला धार लावायला बसत.

सुरुवातीला मला इंटरनेट मिळायचं ते बाबांच्या फोनवरून. ते म्हणजे एका ताटातलं दोघांनी खाण्यासारखं. चित्र थांबायचं, फुटायचं, पुन्हा जुळायचं. ऐकणाऱ्या माणसांचं बरं असतं, चित्र अडकलं तरी आवाजावर भागतं. इथे चित्र अडकलं की वाक्यच तुटायचं. लेकीचा हात उचललेला तसाच राहायचा आणि आई पुढे झुकून वाट बघत बसायची. चित्र हलेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. आई पुन्हा विचारायची. दिवसभर काम करून आलेली लेक एकदा पुन्हा सांगायची, दोनदा सांगायची, मग म्हणायची, राहू दे, नंतर सांगते.

हे ‘नंतर’ वाढू लागलं. मग एखादी संध्याकाळ कोरी जाऊ लागली. एकदा माझं झाकण मिटता मिटता आई म्हणाली, “अशाने ती सांगायचंच सोडून देईल.”

बाबांनी हे मनावर घेतलं. इंटरनेटसाठी काय घ्यावं, याची चर्चा त्यांनी सलूनच्या खुर्चीत सुरू केली, आणि सल्ल्यांना काय तोटा. उचलली जीभ लावली टाळ्याला. शिकवणी घेणारे सर म्हणाले डोंगल घ्या. बसचा ड्रायव्हर म्हणाला डोंगल म्हणजे पैसे पाण्यात. एकाने तर गालाला साबण लागलेला असताना शेजाऱ्याचं वायफाय कसं वापरावं ते समजावलं. शेवटी बाबा मला काखोटीला मारून दुकानात गेले. दुकानदाराने बोटाएवढा एक डोंगल माझ्या कुशीत खुपसला आणि एक सिनेमा लावून दाखवला. सिनेमा कुठेही थांबला नाही. बाबा खूश. पडद्यावरच्या मारामारीचा एक ठोसा चुकला नाही, आणखी काय हवं?

त्या संध्याकाळी लेक इतकी स्वच्छ दिसली की तिच्या अंगरख्यावरची पांढरी भुकटीही दिसत होती. पण तिच्याच कपाळाला आठ्या. काय? पुन्हा? असं ती विचारत राहिली. आपल्याकडे तर झकास दिसतंय, म्हणजे बिघाड तिच्या बाजूला, असा निकाल देऊन बाबा मोकळे झाले. आईने हात सावकाश हलवून पाहिले, मोठे करून पाहिले. दुसऱ्या दिवशी लेकीचा निरोप आला: तुम्ही मला फोटोसारखे दिसता, आईचे हात हलतच नाहीत.

मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. येणारं भरभर येत होतं आणि जाणारं माझ्या दाराशी ताटकळत होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी सांगायला मला तोंड नाही.

आईने मग इंटरनेटची जोडणी करणाऱ्या एका बाईंना घरी बोलावलं. त्यांनी माझ्यावर चाचणी लावली आणि पडद्यावरचे दोन आकडे दाखवले. एक डाउनलोडचा, म्हणजे बाहेरचं घरात येण्याचा वेग. दुसरा अपलोडचा, घरातलं बाहेर जाण्याचा. पहिला आकडा दांडगा होता, दुसरा बिचारा मरतुकडा. सिनेमा बघायचा तर पहिला पुरतो, त्या म्हणाल्या, पण तुमचे हात तिला दिसायला हवेत तर दुसरा बघून घ्या.

“म्हणजे इतके दिवस आपण नुसतं बघतच होतो?” बाबा म्हणाले.

“तुम्ही अजूनही तेच करता,” आई म्हणाली.

छतावर इंटरनेटची एक ताटली बसली आणि घरात वायफायची पेटी आली. धूळ बसू नये म्हणून बाबांनी ती लोखंडी कपाटात ठेवली होती. लोखंडात सिग्नल अडतो म्हणून बाईंनी ती काढून उघड्या फळीवर मांडली. पहिल्याच संध्याकाळी आई आणि लेक अशा सुटल्या की माझा पंखा गरगरायला लागला. मग लेकीने बाबांकडे बोट केलं. आता तुम्ही बोला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. “चित्र अडकतंय बहुतेक,” असं म्हणून ते उठून पुढच्या खोलीत गेले.

चित्र अडकलं नव्हतं. आता सगळंच पोचत होतं, त्यांचं उठून जाणंसुद्धा. लेक रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मी यंत्र आहे, मला हळहळ शोभत नाही, पण मला तेव्हा वाईट वाटलं.

थोड्याच दिवसांत आईची बहीण जिन्यावरून घसरली, पाय मोडला, आणि आईला तिच्याकडे राहायला जाणं भाग पडलं. पिशवी भरून झाली तरी बाबा दारातच घुटमळत होते. संध्याकाळी काय करू, असं त्यांनी शेवटी विचारलं. आईने सांगितलं, बसा आणि आधी नावाने हाक मारा.

“नाव मीच तर ठेवलंय तिचं.”

“ते आपल्या बोलण्यातलं. तिच्या बोलण्यातलं वेगळं आहे.” आईने पिशवी खाली ठेवली आणि कपाळावरून एक बोट तिरपं ओढलं.

“हे? मला वाटायचं तू घाम पुसतेस.”

“शाळेच्या पहिल्या दिवशी तुम्ही तिचे केस कापून दिले होते. ती हलली आणि पुढची बट तिरपी कापली गेली, आठवतं? वर्गातल्या पोरांनी तेच नाव ठेवलं. तिरपी बट. आजही सगळे याच नावाने हाक मारतात तिला.”

बाबांना ती बट आठवत होती, नाव माहीत नव्हतं. आई गेली तरी ते दारातच उभे राहून कपाळावरून बोट ओढून बघत होते.

दुपारी गिऱ्हाईक नसताना ते सलूनच्या आरशासमोर सराव करत होते. मधलं दार उघडं होतं, मला टेबलावरून दिसत होतं. संध्याकाळी ते माझ्यासमोर बसले, ताजी दाढी करून. लेक पडद्यावर आली, आईला शोधू लागली. बाबांनी बोट कपाळाला लावलं आणि तिरपं ओढलं.

ते उलट्या बाजूने ओढलं होतं. जन्म आरशात बघून काम करण्यात गेलेला, हाताला उजवं-डावं तसंच कळतं. लेक क्षणभर थांबली. मला वाटलं आता खरंच काही अडकलं की काय. मग तिने तोंडावर हात ठेवला आणि खांदे गदगदा हलवत हसली. हसता हसता डोळे पुसले. स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवून तिने दाखवलं, असं. बाबांनी पुन्हा केलं. आता बरोबर आलं.

पुढचं बोलणं लंगडत झालं. बाबा चुकत, ती हळू करून सांगे. जेवलीस का विचारून झालं, शाबास म्हणून झालं, शब्द संपले. मग बाबांनी दोन बोटांची कात्री केली, तिच्या वाढलेल्या केसांकडे बोट दाखवलं, भुवया उंचावल्या. घरी येशील तेव्हा कापू का? तिने जोरात मान डोलावली. त्यांनी हाताने सरळ रेघ ओढून विचारलं, कशी कापू, अशी? ती नाही म्हणाली आणि कपाळावरून बोट तिरपं ओढलं.

बाबांना वाटलं ती नाव सांगते आहे. मग त्यांच्या ध्यानात आलं. खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी तोंड पुसलं आणि या वेळी ते खुर्चीतून उठले नाहीत.

आता माझे दिवस भरत आले आहेत. माझ्या जागी दुसरा आणाल तेव्हा आधी त्याच्यासमोर हात नाचवून बघा. आणि इंटरनेट घ्यायला जाल तेव्हा किती वेगाने येतं ते विचारून झालं की किती वेगाने जातं तेही विचारा, एवढंच माझं मागणं.

पुढच्या महिन्यात लेक रजेवर घरी येते आहे. तेवढे दिवस मी झाकण मिटून पिठाच्या डब्याशेजारी पडून राहीन. दिसणार काही नाही, पण कान आहेत मला. पुढच्या खोलीतून कात्रीचा आवाज येईल. मधेच तो थांबेल, तेव्हा बाबा तिच्याशी बोलत असतील.