पोचे आलेला माल

मी एक जुनी, लाल पत्र्याची पेटी आहे. माझ्या पोटावर पांढऱ्या अक्षरांत 'रिजेक्ट' असे लिहिले आहे. मित्रांनो, ते वाचून हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या. इतकी वर्षे लोक हसले, त्यात आणखी तुम्ही.

माझा जन्म १९६४ साली चिंचवडच्या एका पंपांच्या कारखान्यात झाला. त्याच दिवशी, त्याच पत्र्यातून माझी बहीणही घडली. तिला हिरवा रंग मिळाला आणि 'पास' हे नाव. तिच्यात पडलेला माल पंपात बसायचा आणि कुठल्या कुठल्या विहिरीवर पाणी उपसायचा. माझ्यात पडलेला माल पुन्हा भट्टीत. चूक ओतणाऱ्याची, घाई साहेबांची, आणि तोंड वाकडे करून बघायचे माझ्याकडे! खंडेनवमीला सगळ्या मशीनांना झेंडूच्या माळा पडत, बहिणीला हळदकुंकू लागे, कोपऱ्यातल्या झाडूलासुद्धा एक फूल मिळे. माझ्यापाशी आले की पूजेचे ताट वळसा घालून पुढे जाई. अशा सतरा खंडेनवम्या मी काढल्या.

माल तपासायचे काम दिघीच्या दौलतरावांकडे होते. केसाएवढा तडा असो की जरासा पोचा, त्यांच्या बोटांतून काही सुटत नसे. एक मात्र मी कबूल करते. बाकीचे लोक माझ्यात माल फेकत. दौलतराव तळाशी काहीतरी मऊ अंथरत आणि मगच एकेक जॉब, म्हणजे पंपाचा सुटा भाग, हलक्या हाताने ठेवत. भट्टीत जायच्या मालाचे इतके लाड कशाला, हे मला कधी कळले नाही.

पण या तपासण्याच्या सवयीने माणूस वैताग आणायचा. १९८१ च्या फेब्रुवारीत कंपनीची सहल कोकणात निघाली. भाकऱ्या ठेवायला मजबूत भांडे हवे म्हणून दौलतरावांनी मला सोड्याने घासून घेतले. म्हणजे पूजेला मी चालत नव्हते, भाकऱ्यांना चालत होते. बसमध्ये त्यांनी प्रत्येक भाकरी उलटीपालटी करून पाहिली, तेव्हा त्यांच्या पत्नी चतुराबाई म्हणाल्या, "आवं, भाकरी हाय ती. निस्ती खावा की."

सकाळी आठच्या सुमारास आम्ही समुद्रकाठच्या एका लहान गावी पोहोचलो. तिथल्या मास्तरांनी कासव संरक्षण केंद्र सुरू केले होते. केंद्र म्हणजे वाळूत बांबूचे एक कुंपण आणि त्याची राखण करणाऱ्या गिरजाबाई. समुद्री कासवाची मादी किनाऱ्यावर अंडी घालून निघून जाते. ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी गाठायची, कुंपणात पुरायची आणि पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची, हे त्यांचे काम.

"यंदा हे एकच घरटं सापडलंय," टोपलीकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "आज पहाटेचं. यातून पिल्लं निघाली नाहीत तर पुढल्या वर्षी केंद्र बंद, असं मास्तर म्हणतात. खड्डा तयार आहे, एवढ्यात पुरते. हात लावू नका कुणी."

तेवढ्यात आमच्यातली चार शहाणी माणसे बांबूवर रेलून फोटो काढू लागली आणि कुंपण कलले. गिरजाबाई तिकडे धावल्या. इकडे दौलतरावांची बोटे शिवशिवू लागली. त्यांनी एक अंडे उचलून उजेडात धरले. पांढरे, गोल, आणि वर चक्क एक पोचा.

"ह्याला पोचा हाय," ते पुटपुटले.

मग काय विचारता! भाकऱ्या वाटून रिकाम्या झालेल्या मला त्यांनी जवळ ओढले, तळाशी ओल्या वाळूचा जाड थर दिला आणि पोचे असलेली अंडी एकेक करून त्यावर मांडली. मी मनातल्या मनात किंचाळत होते. सतरा वर्षांत माझ्यात पडलेले काहीही वाचले नव्हते. पण पेटीचे कोण ऐकतो?

गिरजाबाई परत आल्या. दौलतराव खुशीत म्हणाले, "बाई, तुमचं काम हलकं केलं बगा. चांगला माल टोपलीत. पोचे आल्याला ह्या पेटीत."

गिरजाबाईंनी टोपली आपल्यामागे ओढली. "अहो भाऊ, हे काय करून ठेवलंत? ताज्या अंड्यांपैकी बऱ्याचशांना पोचा असतोच. दोन दिवसांत तो आपोआप भरतो. आणि अंडी अशी फिरवायची नसतात, आतला जीव मरतो."

दौलतरावांचा चेहरा राखेसारखा झाला. "मंग परत टोपलीत घालू का?"

"आता पुन्हा हलवायची नाहीत. पेटीसकट पुरू."

माझ्या तळाला तेल निथळायची बारीक भोके होती, त्यामुळे आत पाणी साचणार नव्हते. वर वाळू आली आणि मी दिसेनाशी झाले. टोपलीतली अंडी शेजारच्या खड्ड्यात गेली. त्या दिवशी दौलतरावांना भाकरी गेली नाही. निघताना गिरजाबाईंच्या हातात पत्ता देत ते एवढेच म्हणाले, "कायबी झालं तरी कळवा."

मार्चअखेरीस माझ्या पोटात वळवळ सुरू झाली. दिवस भरत आले म्हणून गिरजाबाईंनी आधीच पत्र धाडले होते, त्यामुळे दौलतराव एसटीने एकटेच आले. शेजारचा खड्डा उकरला तर काय, खेकड्यांनी वाळूतून बिळे पाडून 'चांगला माल' फस्त केला होता. माझ्या पत्र्यापुढे मात्र त्यांचे काही चालले नव्हते. माझ्यातली काही अंडी तशीच राहिली. पण सव्वीस पिल्ले माझ्या काठावरून धडपडत बाहेर पडली.

शेवटचे पिल्लू वाळूवर उलटे पडून पाय झाडत होते. दौलतरावांचा हात सवयीने पुढे गेला आणि अर्ध्यात थांबला. त्यांनी तो हात पाठीमागे धरून ठेवला. बऱ्याच वेळाने पिल्लू आपले आपण पालथे झाले आणि लाटेकडे निघाले.

"ह्यातलं एकबी मी पास केलं नव्हतं," दौलतराव म्हणाले. मग त्यांनी वाळूवरच्या मर्यादवेलीचे एक जांभळे फूल तोडले आणि माझ्यावर ठेवले. खंडेनवमीला अजून सहा महिने होते.

तेव्हापासून मी इथेच आहे. केंद्र चालू आहे आणि दर हंगामात माझ्यात अंडी ठेवतात. तरी पाहुणे येतात, अक्षरे वाचतात आणि हसतात. म्हणून मित्रांनो, विनंती आहे. इथे आलात तर कुंपणावर रेलू नका, अंड्यांना हात लावू नका. कुणावर पोचा दिसला तर दोन दिवस दम धरा. आणि खाऱ्या वाऱ्याने माझा रंग उडाला आहे, तो द्यायला कधी आलात तर अवश्य द्या. 'रिजेक्ट' ही अक्षरे मात्र तशीच राहू द्या.