डेपोच्या पायरीवरचा फोटो

फोटोवाली कॅमेरा गळ्यात अडकवून रोज रस्ते पालथे घालायची. फोटो काढला की त्या माणसाशेजारी बसून त्याची हकीकत ऐकायची आणि दोन ओळींत फोटोखाली लिहायची. एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला तिचं हे सदर यायचं.

एकदा बस डेपोच्या पायरीवर एक ड्रायव्हर डोकं धरून बसलेला दिसला. सकाळी त्याचा धाकटा भाऊ वारला होता. बदली माणूस आला नाही म्हणून फेरी पुरी करूनच तो उतरला होता.

"छापू का?" तिने विचारलं.

"भावाबद्दल लिहिणार असाल तर छापा."

तिने तसंच लिहून दिलं. पण फोटो छापून आला तो तिच्या ओळी गाळून, पहिल्या पानावर, दारू पिऊन बस चालवणाऱ्यांच्या बातमीत. त्याच दुपारी ड्रायव्हरची बायको पेपर घेऊन फोटोवालीच्या दारात उभी राहिली.

"ताई, यांनी आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही. आज डेपोच्या साहेबांनी कामावरून काढून घरी बसवलं. सुतकात आहोत हो आम्ही."

फोटोवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक संपादकाकडे गेली.

"चेहरा कुठे दिसतोय?" संपादक म्हणाला. "फोटो प्रतीकात्मक आहे. आतल्या पानावर खुलासा टाकतो."

"बदनामी पहिल्या पानावर आणि खुलासा आत? चेहरा दिसत नाही म्हणता, मग डेपोने कसा ओळखला?"

"बाई, पेपर तुमच्या घरचा नाही."

"फोटो माझा आहे. आणि भाऊ त्याचा होता." तिने सदर तिथेच सोडलं.

मग तिने तो फोटो दाराएवढा छापून घेतला, खाली खरी हकीकत लिहिली आणि डेपोच्या फाटकावर चिकटवला. ड्रायव्हर-कंडक्टर जमले. त्या सगळ्यांनी साहेबाला घेरलं, तेव्हा कुठे त्याने ड्रायव्हरला कामावर परत घेतलं.

ती भेटायला गेली तेव्हा तो बसची काच पुसत होता.

"उपकार झाले," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पण भाऊ गेला आणि मी लोकांना पटवत बसलो की मी प्यायलो नव्हतो. रडायचं राहूनच गेलं, ताई."

त्याने फडकं पिळलं, आत चढला आणि दार धाडकन ओढून घेतलं.