गैरहजर अधिकाऱ्याची सेवामुक्ती

सासूबाईंनी ओव्हरकोट काउंटरवर पसरला, आत दुमडली गेलेली बाही बाहेर ओढली आणि हाताने सारखी केली. मग पिशवीतून दोन ब्लँकेटं, चामड्याचे हातमोजे आणि ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा काढून कोटाशेजारी मांडला. सून मागे उभी होती. पिशवी जड होती, पण बसपासून इथपर्यंत सासूबाईंनी ती तिच्या हातात दिली नव्हती.

कोठीच्या हवालदाराने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि कोटाची कॉलर उलटून पाहिली.

"अगदी नव्यासारखा ठेवलाय, मावशी."

"दरवर्षी उन्हात घालते. लोकरीला कसर लागते."

"आमच्याकडचे बघा. नुसती जाळी झालीय. तुम्हालाच इथे नोकरीला ठेवायला हवं होतं."

"मग तुम्ही काय केलं असतं?"

हवालदार पोट हलवत हसला. दाराशी उभा असलेला मेजरही हसला. सेवामुक्ती विभाग त्याच्याकडे होता आणि आज तो स्वतः या दोघींना एकेका खोलीत घेऊन फिरत होता. एरवी हे काम कारकून करायचा.

हवालदार यादीवर बोट फिरवत पुढे गेला. "आता राहिलं काय... होकायंत्र एक. दुर्बीण एक. बर्फातले बूट, एक जोड. झोपायची पिशवी एक."

"ते त्याच्याकडे आहे," सासूबाई म्हणाल्या.

हवालदाराचं बोट थांबलं. त्याने आधी सुनेकडे पाहिलं, मग मेजरकडे.

"अधिकाऱ्याच्या ताब्यात, असं लिहा," मेजर म्हणाला.

हवालदाराने तसं लिहिलं आणि कोट उचलून मागच्या मांडणीकडे नेला. तो दिसेनासा होईपर्यंत सासूबाई काउंटरशीच उभ्या राहिल्या.

त्यांचा मुलगा उंचावरच्या एका चौकीतून गस्तीला गेला होता, तेव्हा तो कॅप्टन होता. चौघे गेले होते. बर्फ कोसळल्यावर तिघे सापडले, तो सापडला नाही. पहिल्या वर्षी शोध झाला, दुसऱ्या वर्षी शोधाचा अहवाल झाला. त्यानंतर दर काही वर्षांनी एखादा अधिकारी घरी यायचा, हळू आवाजात बोलायचा आणि मृत्यूच्या घोषणेचा अर्ज पुढे करायचा. सासूबाई त्याला चहा द्यायच्या, त्याच्या आईवडिलांची चौकशी करायच्या आणि अर्ज परत द्यायच्या. मुलगा दाखवा, मग लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. घरच्यांनी अर्ज केला नाही म्हणून त्याचं नाव सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या यादीत राहिलं. मुदतीने बढती मिळते तशी त्यालाही मिळाली आणि तो मेजर झाला. आता त्याचं निवृत्तीचं वय झालं होतं. कार्यालयातून पत्र आलं, की एक तर आता तरी अर्ज करा, नाही तर वयोमानानुसार नेहमीची सेवामुक्ती करावी लागेल.

सासूबाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "नेहमीचीच करा."

पण सही सुनेची लागणार होती. नियमाने बायको आधी, आई नंतर.

सून दवाखान्यात क्ष-किरण विभागात काम करायची. दिवसभर लोकांना श्वास धरायला सांगायची आणि मग सोडायला सांगायची. नवीन आलेल्या मुली कधीतरी विचारायच्या, "मॅडम, साहेब कुठे असतात?" ती म्हणायची, "बाहेर." यापुढे काय म्हणायचं हे तिला ठाऊक होतं. रिटायर झाले, म्हणायचं. मग पुढचा प्रश्न येणार, म्हणजे आता घरीच का?

नवरा गेला हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तिला एकदा रडून मोकळं व्हायचं होतं आणि त्या घरात रडायची सोय नव्हती. पत्र आल्यावर तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं. आई, अर्ज करूया, म्हणाली. त्यावर दोघींचं जे बोलणं बंद झालं ते पुढे कित्येक आठवडे. एकाच ओट्याशी दोघी उभ्या राहायच्या आणि भांड्यांचे आवाज तेवढे व्हायचे. शेवटी एका सकाळी चपला घालता घालता ती म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही म्हणाल तशी सही करते." सासूबाईंनी मान हलवली. त्या दिवशी संध्याकाळी तिच्या खोलीतली चादर बदललेली होती.

वैद्यकीय तपासणीच्या खोलीत डॉक्टर तरुण होता आणि वैतागलेला होता.

"सर, मी लिहू तरी काय?" तो मेजरला म्हणाला. "वजन, उंची, नजर, कान. तपासायला माणूस पाहिजे ना."

"लिहा, तपासणी झाली नाही."

"तसं लिहिलं तर पुढे सरकत नाही. तंदुरुस्त आहे किंवा नाही, दोन्हीपैकी एक हवं."

"जाताना ठणठणीत होता," सासूबाई खुर्चीवर बसत म्हणाल्या. "डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतं त्याला. लहानपणी पोहायचा फार. पण ते त्याने तुम्हाला सांगितलं नसणार."

डॉक्टरने मान वर केली. "भरतीच्या वेळी कान तपासतात, आजी."

"मग फसवलं त्याने तुम्हाला. आता काय करणार, काढून टाकणार?"

सून खिडकीबाहेर बघत होती. तिला त्या कानाची गोष्ट माहीत होती. रात्री तो उजव्या कुशीवर झोपला की त्याला काही ऐकू जायचं नाही आणि ती त्याच्या पाठीशी मनातलं सगळं बोलून घ्यायची. डॉक्टरने 'शेवटच्या नोंदीनुसार तंदुरुस्त' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि शिक्का उमटवला.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात बाक होता. मेजर आपली खोली उघडायला पुढे गेला. सासूबाई बसल्या. सून उभीच राहिली.

"बस की. काय पाय तोडून घेतेस?"

"बसूनच असते दिवसभर."

"रागावलीयस."

"नाही, आई."

"रागाव. पण एवढं एक होऊ दे. सरळ नोकरी संपवून आला, एवढंच लिहिलेलं असू दे त्याच्या नावापुढे."

"आला कुठे, आई?" सून म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आला असता तर मी इथे उभी असते का?"

सासूबाईंनी रिकामी पिशवी मांडीवर घेतली आणि तिची घडी घालायला लागल्या. घडी नीट बसेना. सुनेने वाकून पिशवी त्यांच्या हातातून घेतली, चौकोनी घडी केली आणि परत दिली. मग ती शेजारी बसली.

मेजरची खोली लहान होती. टेबल, तीन खुर्च्या, लोखंडी कपाट आणि मोठा आवाज करणारा पंखा. नवरा बेपत्ता झाला तेव्हा हा मेजर शाळेत असेल, असं सुनेला वाटून गेलं. त्याने दोघींना पाणी दिलं आणि कागद पुढे ओढले.

"शेवटची मुलाखत असते," तो म्हणाला. "हे प्रश्न खरं तर अधिकाऱ्याला विचारायचे. आपण वगळू शकतो. सरळ सहीचंच घेऊ का, वहिनी?"

"विचारा ना," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांना विचारता, मग त्यालाच का नाही?"

मेजरने सुनेकडे पाहिलं. तिने विचारा अशी खूण केली.

"सेवाकाळात मिळालेल्या वागणुकीबद्दल काही तक्रार आहे का?"

"आहे," सासूबाई म्हणाल्या. "वडील गेले तेव्हा त्याला वेळेवर सोडलं नाही. पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. तो बोलला नाही कुणाला, पण जेवला नाही दोन दिवस."

मेजरने ते लिहून घेतलं. खरोखरच लिहितो आहे की नुसता पेन फिरवतो आहे, हे सुनेने मान वाकडी करून पाहिलं. तो लिहीत होता.

"सेवामुक्तीनंतर राहण्याचा पत्ता?"

"तोच. आहे तोच."

"बरं." मेजरने पान उलटलं. "आता फक्त सही. आणि एक सांगायचं असतं, ते नुसतं माहितीसाठी. सेवामुक्त झालेला अधिकारी आपोआप राखीव यादीत जातो. पाच वर्षं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे गरज पडली तर परत बोलावता येतं."

"कुणाला?"

मेजर अडखळला. "यादीतल्या अधिकाऱ्यांना."

"आणि पाठवतात कुठे?"

"ज्याला जिथला अनुभव, तिथे. साहेबांचा वरच्या चौक्यांचा..." तो थांबला. हे सगळं तो पाठ असल्यासारखं बोलून गेला होता आणि आता त्याला मागे घेता येत नव्हतं.

सासूबाई पुढे सरकल्या. "पुन्हा वर?"

"आजी, हे कागदोपत्री असतं हो. प्रत्यक्षात कोण कुणाला..."

"सकाळपासून सगळं कागदोपत्रीच चाललंय ना? कोट घेतलात. कान तपासलात. तक्रार लिहून घेतलीत. ते सगळं खरं, आणि हे एवढंच खोटं?"

मेजरने पेन खाली ठेवलं. तो खोटं बोलू शकला असता. नंतर सुनेला वाटलं, त्याने ते करायला हवं होतं.

"दर हिवाळ्याच्या आधी पत्र येतं," तो म्हणाला. "तयार राहा म्हणून."

"त्याच्या नावाने?"

"हो."

"नाव काढा त्या यादीतून."

"काढता येतं, पण कारण लागतं. आणि कारणं दोनच आहेत. एक, शरीर चालत नसेल तर. पण डॉक्टरांनी आत्ताच तंदुरुस्त म्हणून लिहिलंय."

"दुसरं?"

मेजरने कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे पाहिलं.

"आई, राहू दे," सून म्हणाली. तिने सासूबाईंच्या मनगटावर हात ठेवला. "पत्र आलं तर येऊ दे. मी फाडून टाकीन. तुम्हाला दिसणारसुद्धा नाही."

"दिसलं नाही तरी आलेलं असेल ना."

"आई..."

"त्या वेळी मीच गेले होते पोचवायला. त्याला जायचं नव्हतं त्या खेपेला. बोलला नाही, पण मला कळत होतं. बूट घालायला किती वेळ लावला." सासूबाईंनी समोरचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. "मी म्हटलं, गाडी चुकेल."

सुनेला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"दुसरं लिहा," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, घाई करू नका," मेजर म्हणाला. "मग आजची प्रक्रिया सगळी रद्द होते. वाटलं तर दोन दिवस विचार करा."

"इतकी वर्षं तुमची माणसं घरी येऊन सांगत होती, लिहा, लिहा. आता मी लिहा म्हणते, तर विचार करा?"

त्यांचा आवाज नेहमीचाच होता. भाजीवाल्याशी बोलताना असायचा तसा. मेजरने सुनेकडे पाहिलं. हेच हवं होतं ना तुम्हाला, असं त्या नजरेत नव्हतं, तरी तिने खाली पाहिलं. हेच हवं होतं. आता ते समोर आलं होतं आणि तिला वाटत होतं, सासूबाईंचा हात धरावा, उठावं आणि निघून जावं.

मेजर उठला. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून त्याने दुसरा अर्ज काढला. एकच पान होतं. नाव, हुद्दा, क्रमांक त्याने स्वतःच भरलं. मग तो थांबला.

"तारीख घरच्यांनी सांगायची असते," तो म्हणाला. "बहुतेक जण शेवटचं दिसल्याची घालतात."

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. सकाळपासून प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर होतं. आता त्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिल्या आणि त्यांचे ओठ नुसते हलले.

ती तारीख सुनेला पाठ होती. दरवर्षी त्या दिवशी ती दवाखान्यातून रजा घ्यायची, कारण सांगायची नाही, आणि घरी येण्याऐवजी संध्याकाळपर्यंत कुठल्यातरी बसमधून फिरत राहायची. तिचं सगळं त्या तारखेपासून सुरू होत होतं. ती लिहिली असती, तर तिची इतकी वर्षं कुठल्यातरी हिशेबात धरली गेली असती.

तिने सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आजची घाला," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्हाला कल्पना आहे ना? आजची घातली, तर आजपर्यंत ते..."

"आजचीच. सकाळी आम्ही घरातून निघालो तेव्हा होता."

मेजरने तारीख घातली. कागद तिच्याकडे फिरवला आणि पेन दिलं. पंख्याच्या वाऱ्याने पान उडत होतं. सासूबाईंनी हात पुढे करून त्याचा कोपरा बोटाने दाबून धरला, आणि सून सही करायला वाकली.