डिझेलवर जगणारा जंतू

मी मातीतला एक जुना जंतू आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, तुमच्या पायाखालीही माझे भाऊबंद आहेतच. आम्ही एकाचे दोन होतो, त्यामुळे माझा आजोबा कोण आणि मी कोण, हे मलाच सांगता येत नाही. थंडीचं मला वावडं नाही. जमीन गारठली की बाकीचे गपगार पडतात, मी मात्र सावकाश का होईना, काम करत राहतो.

मी राहतो ट्रकच्या डेपोमागे. तिथल्या टाकीचा तळ गंजला आणि डिझेल मातीत मुरत विहिरीकडे निघालं. ते पाणी डेपोचा रखवालदार, त्याची बायको आणि त्यांची पिटुकली पीत असत. मला डिझेल पचतं. आयतंच ताट! मी वाटेतच ते खात सुटलो. पुढे माती तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी टाकी उपसायला लावली, माती उकरून मोकळी केली, आमच्यासाठी खत टाकलं.

"काय जोमदार जंतू आहेत हो इथे! कोट्यवधी!" रखवालदाराला एवढंच सांगून त्या घाईने गाडीत बसल्या. एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी हुरळून गेलो.

रखवालदाराने घरी तेच सांगितलं. बायकोचा चेहरा उतरला.

"अहो, पिटुकली त्याच मातीत खेळते! बाईंना काय, त्या गेल्या आपल्या घरी."

"तू घाबरू नकोस. बघतोच मी त्या जंतूंकडे."

त्याने पोतंभर ब्लीचिंग पावडर मातीत कालवली आणि वर पाणी मारलं. लेकीच्या मायेपोटीच केलं त्याने. आम्ही मात्र होरपळलो. माझं सगळं गणगोत गेलं. एका दगडाच्या आडोशाला मी तेवढा उरलो.

आता डिझेलला अडवायला कोणी नव्हतं. मातीत मुरलेलं ते विहिरीत उतरलं. पाण्याला वास येऊ लागला, तर आई जंतूंच्या भीतीने ते उकळून पाजत राहिली; उकळून डिझेल जात नाही. पिटुकली आजारी पडली, तिला दवाखान्यात नेलं, ती परतली नाही.

बाई पुन्हा आल्या तेव्हा माती पांढरी पडली होती.

"हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, जंतू आहेत म्हणून!"

"अहो, तेच तर तुमचं पाणी राखत होते..."

रखवालदार खाली बसून हातांनी ती पांढरी माती बाजूला सारू लागला.

मित्रांनो, न दिसणाऱ्याला मारण्याआधी ते काय करतं, एवढं विचारत जा. आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी पुरतं सांगूनच निघत जावं. मी पुन्हा एकाचे दोन होतो आहे. ही माती मी साफ करीनही, पण ते पाणी प्यायला पिटुकली नसेल.