पक्ष बदलले, पाच

इंद्रजीत माझ्या घरी आला तो मला भेटायला नव्हे, नात न्यायला. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कोणाला वाटायचं दोन इवाई, म्हणजे व्याही, गळ्यात गळा घालून बसले होते.

माझी पायल पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे राळेगावला आली होती. मुलगी झाली, दीड महिन्याची झाली, तरी नामकरण अडलेलं. इंद्रजीत तिचा सासरा, नेरचा. तो म्हणे नाव नेरला ठेवायचं, मी म्हणे राळेगावला. त्यात आमचा अबोला. मागच्या विधानसभेच्या वेळी त्याच्याच अंगणात जेवता जेवता तो मला म्हणाला होता, "इवाई, तुमच्या साहेबानं चार पक्ष बदलले. उद्या पाचवा बदलन." मी भरल्या ताटावरून उठलो आणि खरकट्या हातानेच एसटीत बसलो. बावीस वर्षं साहेबांची पोस्टरं चिकटवली आहेत मी. असं तोंडावर बोललेलं ऐकून वांग्याची भाजी खात बसायचं होतं का?

निकालानंतर साहेबांनी पाचवा पक्ष बदलला. त्या दिवशी मी घराबाहेर पडलो नाही. ताप आहे म्हणून सांगितलं.

तर इंद्रजीत आला आणि माझ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसला.

"पायल, तुझ्या सासऱ्याले विचार, चहा घेतेत का," मी म्हणालो.

"पायल, तुझ्या बाबाले सांग, मी चहा प्यायले नाही आलो," तो भिंतीला म्हणाला.

त्याच्याबरोबर आलेला आमचा जावई धम्मरत्न फार समजूतदार, म्हणजे नको तिथे. त्याने बॅगेतून पत्त्यांचा एक डबा काढला. देशातले पन्नास नेते, प्रत्येकाचं व्यंगचित्र, खाली चार आकडे. भाषण किती मिनिटं, खटले किती, दहापैकी किती वेळा फोन उचलतो, पक्ष किती बदलले. ज्याची पाळी त्याने आपल्या पत्त्यावरचा एक आकडा मोठ्याने सांगायचा. ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही पत्ते उचलून बाजूला ठेवायचे, पुढची पाळी त्याचीच. म्हणजे ज्याच्यावर खटले जास्त तो भारी. ऑफिसात आम्ही हसून हसून लोळतो, असं जावई म्हणाला. आमच्याकडे कोणी हसलं नाही.

पण पायलने तो डबा हातात घेतला. "तुम्ही दोघं खेळा," ती म्हणाली. "जो जिंकन त्याच्या घरी नामकरण, नावही त्यानंच ठेवायचं. हारन त्यानं मुकाट्यानं तिथं यायचं, जेवायचं अन् बोलायचं. मले आता हे सहन होत नाही."

मी नाव कधीचं ठरवून ठेवलं होतं. उत्पला. कौसल्येलाही सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं की संध्याकाळपर्यंत ते सगळ्या आळीत होतं. मी लगेच मांडी घालून बसलो.

पंचवीस-पंचवीस पत्ते वाटले. एवढ्या रागाने मी आयुष्यात पत्ते आपटले नव्हते. तो "खटले, अकरा!" म्हणून भिंतीवर ओरडायचा, मी "भाषण, नव्वद मिनिटं!" म्हणून पंख्याकडे पाहून ओरडायचो. पोरगी दचकून रडायला लागली, कौसल्या तिला घेऊन आत गेली. त्याच्या एका नेत्याने फोन उचलण्यात शून्य काढलं तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने हसलो. त्याने माझे दोन माजी मंत्री ओळीने उचलले आणि मिशीवरून हात फिरवला. त्या मिशीला धरून ओढावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चोवीस डाव झाले. बारा त्याचे, बारा माझे. चोविसावा माझा, म्हणून पाळी माझी. दोघांच्या हातात एकेक पत्ता उरला. मी माझा उलटून पाहिला तर आमचे साहेब.

चित्रात त्यांचं नाक जरा जास्तच मोठं काढलं होतं. भाषण वीस मिनिटं. खटले एक. फोन दोन. पक्ष बदलले, पाच. सगळ्या डावात त्या रकान्यात तीनच्या वर कोणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं. फक्त तोंडाने म्हणायचं होतं, पक्ष बदलले, पाच. इंद्रजीतच्या समोर, त्याच्या तोंडचं वाक्य, वर एकाची भर घालून.

"बाबा, सांगा ना," पायल म्हणाली.

नातीचं नाव जिभेवर होतं आणि हा आकडाही. इंद्रजीत पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बसला होता.

"खटले, एक," मी म्हणालो.

त्याचे सात निघाले.

पायलने माझ्या हातातला पत्ता घेतला, वाचला, पुन्हा वाचला. "बाबा, तुमच्याजवळ पाच होते," ती म्हणाली. "काहून नाही सांगितले?"

कौसल्या आतून आली, तिनेही पत्ता पाहिला. "ज्या माणसानं भरसभेत तुमाले दौलतराव म्हणून हाक मारली, त्याच्यासाठी," ती म्हणाली. "तुमचं देवराव नाव नाही येत त्याले घेता. अन् तुम्ही त्याची अब्रू झाकून राह्यले, स्वतःच्या नातीच्या जिवावर!" मग तिने पोरीची दुपटी, झबली बॅगेत भरायला घेतली. एकेक झबलं अशी आदळत होती की मलाच लागत होतं.

पायल माझ्याशी न बोलता पोरीला घेऊन निघाली. धम्मरत्न बॅग घेऊन तिच्या मागे एसटी स्टँडकडे गेला. इंद्रजीत उंबऱ्यापाशी थांबला. त्याने साहेबांचा पत्ता पाहिला होता. आता हसेल, म्हणून मी मुठी आवळून बसलो.

"इवाई," तो थेट मला म्हणाला, मध्ये कोणालाच न घालता. "तुम्ही कोणतं नाव काढलं होतं? तेच ठेवू."

"तुमाले काय करायचं?" मी म्हणालो.

त्याने मान हलवली, चपला घातल्या आणि गेला. त्याची मोटरसायकल वळणापलीकडे गेल्यावर मी उठून अंगणात आलो. रडू आलं, पण ते स्वतःच्या रागाचं होतं की त्याच्या, मला सांगता येणार नाही.

हरणाऱ्याने जायचं ठरलं होतं. मी गेलो नाही, कौसल्या एकटीच नेरला जाऊन आली. इंद्रजीतने नाव ठेवायचं पायलवर सोडलं; तिने ठेवलं ते चांगलं आहे. रविवारी ती फोनवर मुलीला माझ्यासमोर धरते आणि म्हणते, आबाजीले हाक मारू दे तुले. मी अजून नातीला 'ए पोरी' म्हणतो.