बत्तीस पत्रे आणि चार

“एका पत्र्याचा भाव दुकानदारही सांगतो. तुम्ही मला अख्ख्या छपराचं सांगा,” वामाइथा म्हणाली आणि माझ्या अंगणातच फतकल मारून बसली.

वामाइथा आमच्या गावच्या दवाखान्यात झाडलोट करते. तिच्या घरावरच्या पत्र्यांची गंजून चाळण झाली होती. मी गाचोका, पत्रे बसवणारा सुतार. मुरांगा भागातल्या या डोंगरावरची निम्मी घरं माझ्या हातची आहेत, हे मी कुणी न विचारताही सांगतो.

“पत्रे आले. पत्र्याखालचं लाकूड आलं, तुझं वाळवीने खाल्लंय. आढ्यावरची टोपी, वायसरचे खिळे, आणि माझी मजुरी.”

“जुनेच खिळे काढून परत ठोकले तर?”

“तर पाणीही जुन्याच भोकांतून येईल.”

“आणि मजुरी कमी करायची झाली तर?”

“तर दुसरा सुतार बघावा लागेल.”

ती हसली. मग बोटांवर मोजत म्हणाली, “म्हणजे पत्रे निम्मेच. उरलेलं निम्मं कुणाला दिसतसुद्धा नाही.” गिऱ्हाइकांना हे समजावता समजावता माझं तोंड दुखतं, ते या बाईला एका बैठकीत कळलं.

लाकूड, खिळे आणि टोपी तिने दोन वर्षं पगारातून थोडं थोडं करून जमवली. पत्रे तिच्या बायकांच्या गटाकडून येणार होते. तिच्याशिवाय सोळा बायका. जिची पाळी असेल तिने किती पत्रे लागतील ते सांगायचं आणि बाकीच्यांनी ते वाटून घेऊन तिच्याकडे न्यायचे. आकडा एकदाच सांगायचा, आणि सगळ्यांची घरं होईपर्यंत पुन्हा पाळी नाही.

“चढून बघता का जरा?” आकडा द्यायची वेळ आली तेव्हा तिने आपल्या घरासमोर मला विचारलं.

“मला खालून दिसतं.”

खरं म्हणजे दोन वर्षं माझे गुडघे संपावर होते आणि ते मी कुणाला कळू दिलं नव्हतं. घराची पुढची बाजू खालून मोजायची आणि दुप्पट करायची, हा माझा हिशेब. आजवर चुकला नव्हता. मी सांगितलं, “बत्तीस.” वामाइथाचा चेहरा उजळला. सोळाजणींचे दोन दोन, मोजून मापून.

ठरल्या शनिवारी बायका डांबरी रस्त्यावरून गात गात वर आल्या. डोक्यावर पत्रे आणि पत्र्यांवर ऊन, बघवत नव्हतं. गटाचा एक नियम आहे, छप्पर बंद झाल्याशिवाय मटणाला हात लावायचा नाही. परसात बकरा रटरटत होता, त्यामुळे कामाला भलताच जोर चढला होता. वर माझी मुलगी न्याविरा खिळे ठोकत होती. मी खाली स्टुलावर बसून हुकूम सोडत होतो आणि ती एकही ऐकत नव्हती.

दुपारी तीनच्या सुमाराला ठोकाठोक थांबली.

“बाबा, पत्रे संपले.”

“नीट बघ.”

“नीटच बघतेय. मागची बाजू पुढच्यापेक्षा लांब आहे. चार कमी पडतायत. तुम्ही मोजायला मागे गेला होतात ना?”

वामाइथाच्या नवऱ्याने, तो होता तेव्हा, मागे एक खोली वाढवली होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मीच तेवढा राहिलो होतो.

गटाची म्होरकी मुगुरे कमरेवर हात ठेवून पुढे आली. “न्याविराचे बाबा, चार पत्रे काय तुमच्या खिशात राहिले की काय? बकरा थंड होतोय.”

सगळ्या खदखदून हसल्या. वामाइथा हसली नाही. न्यानदारुआच्या डोंगरांच्या बाजूने आभाळ काळं होत आलं होतं. ती हळूच म्हणाली, “राहू द्या. मागच्या खोलीवर प्लास्टिक टाकू. तिथे काय, माझं अंथरूणच आहे.”

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, चांगलीच वाटली.

“माझ्या शेडवरचे पत्रे याच मापाचे आहेत,” मी म्हणालो. “आणि अजून चांगले आहेत. चला.”

न्याविरा वरून बघत राहिली. “बाबा, तिथे तुमचं काम चालतं.”

“पूर्वी चालायचं,” मी म्हणालो. “गुडघे गेलेत माझे. दोन वर्षं झाली.”

हे सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं, पण बोलून गेलो. मुगुरेने सरळ पहार उचलली. बायकांनी अर्ध्या तासात माझी शेड उघडी केली. पत्रे डोक्यावर घेऊन परत येताना त्यांनी गाणंही जुळवलं. ‘गाचोकाने घर मोजलं, मागची बाजू मोजायची राहिली.’ मी त्यांच्यामागून लंगडत येत होतो आणि धृपद म्हणत होतो. खोटं कशाला बोलू, मी मजेत होतो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

शेवटचा खिळा बसला आणि सोळाजणींनी अशी आरोळी दिली की पलीकडच्या डोंगरावरची कुत्री भुंकायला लागली. ताटं मांडेपर्यंत पाऊस आलाच.

वामाइथा मागच्या खोलीत गेली. अंथरुणावर बसली, वर बघितलं आणि तळहात पुढे धरला. बराच वेळ धरून बसली. हात कोरडाच राहिला.

मग बाहेर येऊन तिने माझ्या हातात ताट दिलं आणि काहीतरी म्हणाली. नव्या पत्र्यांवर पाऊस एवढा वाजत होता की मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला. तिने पुन्हा सांगायचं सोडून बरगडीचा आणखी एक तुकडा ताटात घातला.

दारातून ओढ्यापलीकडची माझी शेड दिसत होती. चाळीस वर्षं ज्याच्यावर फळ्या कापल्या ते टेबल भिजत होतं. न्याविरा ते झाकायला उठू लागली. मी तिला हाताने बस अशी खूण केली आणि जेवत राहिलो.