यंत्र थांबतं कधी

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पीएचडीच्या प्रबंधाच्या एकशे बाराव्या पानावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून शाकीरकडे पाहिलं.

"पट्टीवर लिहिलेले दोन शब्द सारखे आहेत की नाहीत, एवढंच तुमच्या या कागदावरच्या यंत्राने सांगायचं. त्याचा एक भाग क्वांटम, दुसरा साधा. क्वांटम भाग मोजला की मोडतो. मग पुढची फेरी कशाच्या भरवशावर?"

तिसऱ्या रांगेत बसलेल्या शाकीरच्या बायकोने, जुलेखाने, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मोजणीतून जे निघालं तेवढंच साधा भाग लक्षात ठेवतो, सर," शाकीर म्हणाला. "वाचन पट्टीच्या सुरुवातीला परत नेतो, क्वांटम भाग नव्याने मांडतो. मोडलेलं जोडत बसायचं नाही, पहिल्यापासून सुरू करायचं."

"सुरेख. हे सुचलं कसं?"

"काम करता करता सुचत गेलं, सर."

शब्दसुद्धा जुलेखाचेच होते. एमएस्सीला दोघं एका वर्गात होते आणि ती पहिली आली होती. लग्नानंतर, दोघांपैकी एकानेच पीएचडी करावी असं घरात ठरलं. तो एक कोण, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. पुढे प्रबंधात, मोजल्यावरही क्वांटम भाग होता तसाच राहतो असं धरून शाकीरने चाळीस पानं लिहिली. जुलेखाने चूक दाखवली तेव्हा तो तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी वही घेऊन समोर बसला. मग आठवडाभर, दुपारी लेकरू झोपलं की ती सांगायची आणि तो लिहून घ्यायचा.

प्रबंधातल्या आभारात गाईडसर होते, अब्बा होते, ग्रंथपालसुद्धा होते. सगळ्यात शेवटी 'घराची जबाबदारी सांभाळणारी पत्नी' होती. तिचं नाव नव्हतं.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

नियम म्हणून विचारलं होतं. नणंद माहेनूर पेढ्यांच्या डब्याची दोरी सोडायला लागली.

जुलेखा उभी राहिली.

"शब्द वेगळे असले तर यंत्राला कधी ना कधी फरक सापडतो. पण सारखेच असले तर फरक कधीच सापडणार नाही. यंत्र फेऱ्या मारत राहील. मग ते थांबून 'होय' कधी म्हणतं?"

शाकीरने एक पान उलटलं, मग आणखी एक. मग दुपारी वहीवरून बघायचा तसं त्याने तिच्याकडे बघितलं. तिने नजर परीक्षकांकडे वळवली.

परीक्षक पुढे झुकले. "प्रश्न नेमका आहे. आपण कोणत्या महाविद्यालयात असता?"

तिने तोंड उघडायच्या आत शाकीर हसला. "मिसेस आहेत, सर, आमच्या."

सभागृह हसलं. "मग उत्तर घरीच द्या," अध्यक्ष म्हणाले आणि टाळ्या पडल्या. परीक्षकांनीही हसत प्रबंध मिटला. पाच मिनिटांत पदवीची शिफारस जाहीर झाली.

गावाकडे, हिंगोलीजवळच्या गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये दोघांना मागचं बाक मिळालं. हिंगोली मागे पडल्यावर शाकीर तिच्याकडे वळला.

"नाराज झालीस का?"

"न्हाई."

"गाईडसर म्हणू राहिले, त्या प्रश्नाचं उत्तर घालून पेपर पाठवा. काय हाये ते?"

उत्तर अकरा ओळींचं होतं. दर फेरीनंतर साध्या भागाने नाणेफेक करायची. बऱ्याच फेऱ्यांनी कधीतरी ठरलेल्या वेळा सलग छापा पडला की, एवढ्या फेऱ्यांत फरक सापडला नाही म्हणून शब्द सारखेच, असं म्हणून थांबायचं. गेल्या हिवाळ्यात तिने ते पूर्ण सोडवलं होतं.

"मला न्हाई येत," ती म्हणाली.

"तुला न्हाई येत?"

"न्हाई."

त्याचा चेहरा सैल पडला.

"तुला येत न्हाई म्हंजे कुणालाच येत नसंल," तो निर्धास्त होऊन म्हणाला, आणि डोकं मागे टेकून त्याने डोळे मिटले.